दिवसभराचं सगळ्यांनी लिहिलंय, मी संध्याकाळचं लिहिते : महाडजवळच्या विद्यार्थी परिषदेचा रिव्ह्यू

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात महाडजवळ एका शाळेत सामाजिक चळवळींवर तीन दिवसांची विद्यार्थी परिषद झाली, तिला मी गेले होते. आम्ही एमएसडब्ल्यूच्या वर्गातल्या चौघी, सोलापूरहून पुणे, पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगाव आणि तिथून महाड असा प्रवास करून पोचलो. फी साडेसातशे, त्यात राहणं जेवण सगळं. दिवसाच्या सेशन्सबद्दल बऱ्याच जणांनी लिहून झालंय, वक्ते चांगलेच होते, त्यात मी भर घालत नाही. पण संध्याकाळी साडेपाचनंतर जे काय काय होतं त्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाहीये, आणि माझ्या मते परिषदेचा निम्मा जीव तिथेच असतो. दिवसा आपण खुर्चीत बसून ऐकतो, ओळख होते ती संध्याकाळीच. म्हणून आयोजकांनी संध्याकाळ ही "चला आता थोडी मजा" म्हणून शेवटी जोडायची गोष्ट धरू नये, तिची आखणी दिवसाइतकीच मनापासून करावी, आणि त्यात पहिला प्रश्न हा विचारावा की संध्याकाळी थांबू कोण शकतं. हे का म्हणते ते पुढे येईलच.

पहिली संध्याकाळ. आधी ओळखीचे खेळ झाले, ते नेहमीचेच, नाव सांगा आणि नावाच्या अक्षरावरून भाजी सांगा वगैरे, पंधरा मिनिटांत सगळे हसायला लागले, छान. मग मैदानात सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि पॉवर वॉक घेतला. ज्यांनी शिबिरं केलीत त्यांना माहीत असेल, एकजण वाक्य वाचतो आणि ते तुम्हाला लागू पडलं तर एक पाऊल पुढे किंवा मागे. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं ते पुढे, ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणीतरी कॉलेजला गेलंय ते पुढे, खोली भाड्यानं घेताना ज्यांना आडनाव विचारून नाही म्हटलं गेलं ते मागे. असं वीसेक वाक्यं. मी साधारण मधे होते. शेवटी सांगितलं आता मागे वळून बघा, आणि पुढचे सगळे वळले, तर सगळ्यात मागे एकच मुलगा होता, एकटा, तो आमच्याकडे बघतच नव्हता, चपलेच्या टोकानं लाल मातीत रेघ ओढत उभा होता. मग दहा मिनिटं चर्चा झाली आणि तीत बोलले बहुतेक पुढे उभे राहिलेलेच, आम्हाला किती वाईट वाटलं आणि डोळे कसे उघडले ते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत तो मुलगा माझ्या पुढे होता, मी आपलं विचारलं कसं वाटलं काल, तर म्हणाला, "ताई, मी कुठं उभाय ते मला आधीच माहीत होतं. त्यांना कळावं म्हणून मला कशाला उभं केलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. हा खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तो घ्यायची दुसरी पद्धत आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी वापरतात, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, एकावर "ऊसतोड कामगाराची बारा वर्षांची मुलगी", एकावर "शहरातल्या डॉक्टरचा मुलगा", असं, आणि चिठ्ठीतला माणूस बनून पावलं टाकायची. मुद्दा तोच पोचतो आणि कुणाचं खरं आयुष्य ऐंशी अनोळखी लोकांसमोर उघडं पडत नाही. पहिल्याच संध्याकाळी, जिथे अजून कुणाला कुणाचं नावही धड माहीत नाही, तिथे खऱ्या आयुष्यावर हा खेळ घेणं मला चुकीचं वाटलं आणि मी ते आयोजकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, हे सांगायला हवं.

पण पहिल्या रात्रीची पोपटी! सोलापूरच्या माणसाला पोपटी हा प्रकारच माहीत नसतो, मलाही नव्हता. रोह्याकडच्या स्वयंसेवक मुलांनी वालाच्या शेंगा गावाकडून आणल्या होत्या, सीझन नुकता सुरू होत होता. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा, पाला दाबून भरायचा, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, रताळी, मग वरून परत पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा एक थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या लावून पेटवून द्यायचं. अर्धा-पाऊण तास नुसतं आगीभोवती उभं राहायचं, आणि खरी ओळख तिथे झाली, कारण करायला दुसरं काहीच नव्हतं आणि थंडी होती म्हणून लांब जाताही येत नव्हतं. झालीय की नाही हे बघायला एक मुलगा ओल्या हातानं मडक्यावर पाणी शिंपडत होता, चर्र आवाज आला की म्हणायचा झाली. त्या भांबुर्ड्याचा वास अजून माझ्या शालीला आहे.

दोन मडकी होती, एकात अंडी आणि चिकन, एकात नुसत्या शेंगा नि कंद. मला जे आवडलं ते असं की मडकी वेगळी असली तरी पाटावर उपडी शेजारी शेजारीच केली, वर्तमानपत्र अंथरून, आणि सगळे एकाच गोलात बसून खाल्लं. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजच्या शिबिरात व्हेजवाल्यांच्या पंगती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितल्यात मी, त्यामुळे हे डोळ्यात भरलं. जातीवर दिवसभर बोलायचं आणि जेवायला वेगळं बसायचं, हे इथे झालं नाही. नंतर ताटं ज्याची त्यानं घासायची, नारळाचा काथ्या आणि राख ठेवली होती, नळ दोनच, त्यामुळे रांग मोठी, पण त्या रांगेत पण गप्पा.

त्यानंतर रात्री साडेनऊला डॉक्युमेंटरी लावली. दिवसभर प्रवास करून आलेल्या पोरांना रात्री साडेनऊला दीड तासाचा सिनेमा दाखवू नये, एवढंच लिहिते.

दुसरी संध्याकाळ. ही या परिषदेतली सगळ्यात चांगली गोष्ट, कुणी विचारलं जाऊ का तर मी फक्त हिच्यासाठी हो म्हणेन. साडेचारला सेशन थांबवलं आणि दोन बसमधून सगळ्यांना महाडला नेलं, स्टँडपासून चालत चवदार तळ्यावर. तिथे भाषण नव्हतं. पायऱ्यांवर बसवलं आणि एका निवृत्त शिक्षकांनी, आवाज न चढवता, गोष्ट सांगावी तसं सांगितलं. १९२३ ला मुंबईच्या कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, पण कागदावरच, अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी प्यायला जाता येईना. मग मार्च १९२७ ची बाबासाहेब आंबेडकरांची परिषद, जिच्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे या कार्यकर्त्यांनी धडपड केली, आणि त्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. तळं समोर, आणि पाणी विकत. हे मी शाळेत कधी वाचलं नव्हतं, "२० मार्च १९२७, चवदार तळ्याचा सत्याग्रह" एवढी एक ओळ पाठ होती. ते ४० रुपये ऐकल्यावर माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे माझं लक्ष गेलं, आमच्या बसमध्ये तशा बाटल्यांचे बॉक्सच्या बॉक्स होते.

पुढचंही त्यांनी सांगितलं, लोक पाणी पिऊन मांडवात परतले, काही जेवायला बसले होते तेव्हा देवळात शिरणार अशी अफवा उठवून हल्ला झाला, नंतर १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं "शुद्ध" केलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये परत परिषद, तळ्यावर जायला कोर्टाची मनाई, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन, आणि शेवटी १९३७ ला तळं सगळ्यांना खुलं असा हायकोर्टाचा निकाल. म्हणजे पाणी पिण्यासाठी दहा वर्षं. आणि डिसेंबरच्या परिषदेतली एक गोष्ट आम्हा मुलींना फार लागली, बाबासाहेब तिथे बायकांशी वेगळे बोलले, जातीची खूण ठरणारी लुगडी नेसायची पद्धत सोडा म्हणाले, आणि त्यांचे सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातल्या बायकांनी त्यांना नवीन पद्धतीनं नेसून दाखवलं. परिषदेच्या मांडवाबाहेर, ठराव न करता झालेलं काम. मला वाटतं परिषदेच्या संध्याकाळी कशा असाव्यात याचं याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

माझ्या शेजारी पायरीवर पोलादपूरकडची एक मुलगी बसली होती, बीएच्या शेवटच्या वर्षाला. ती रोज एसटीनं ये-जा करत होती. तिनं मला बाजारपेठेकडे बोट करून सांगितलं की २०२१ च्या जुलैतल्या पुरात तिच्या मावशीच्या घरात पाणी कुठपर्यंत होतं, भिंतीवर मावशीनं अजून रेघ तशीच ठेवलीय, रंग दिला तेव्हा तेवढा पट्टा सोडून दिला म्हणे. आणि पाणी उतरल्यावर घराघरात चिखल काढायला कोण कोण आलं होतं, कुठल्या कुठल्या कॉलेजची मुलं फावडी घेऊन आली होती. मी तिला म्हटलं हे तू उद्या सेशनमध्ये बोल, तर ती म्हणाली मला कुणी विचारलं नाही. आणि मग घड्याळ बघून उठली, सातची गाडी शेवटची, ती गेली की गावाला जायला काही नाही.

इथे माझी मोठी तक्रार आहे. परिषदेला आलेल्यांमधे जवळपास निम्मी मुलं आसपासच्या तालुक्यांतली, रोज एसटीनं येणारी, त्यात मुली जास्त. आणि शाहिरी जलसा साडेसातला ठेवलेला. म्हणजे ज्यांच्या गावाची ही गोष्ट, ज्यांच्या आज्या-पणज्यांची ही गोष्ट, त्या मुली सातच्या गाडीनं घरी, आणि आम्ही पुण्यामुंबईचे नि सोलापूरचे पहिल्या रांगेत. नोंदणीच्या फॉर्ममध्ये "मुक्कामी राहणार का" एवढंच विचारलं होतं, का नाही राहणार हे कुणी विचारलंच नाही.

जलसा मात्र असा झाला की काय सांगू. सातारा जिल्ह्यातून पथक आलं होतं, सहाजण, हलगी, ढोलकी, तुणतुणं, झांज. दव पडायला लागलं होतं आणि हलगीचं कातडं सैल झालेलं, आवाज बसका येत होता, तर सुरू करण्याआधी हलगीवाल्या दादांनी वर्तमानपत्राचा बोळा पेटवला आणि हलगी त्यावर गोल गोल फिरवत शेकली, मधे मधे बोटानं टिचकी मारून कान लावून बघत होते, पहिली टिचकी थप्प, मग टप्प, मग एकदम टण्ण. आमच्यातली अर्धी पोरं ते बघायलाच पुढे सरकून बसली. माझे आजोबा गावच्या जत्रेत असंच करायचे, मला एकदम ते आठवले.

मधे मधे पथकाच्या प्रमुखांनी सांगितलं की जलसा म्हणजे साचा तमाशाचाच, गण, गवळण, बतावणी म्हणजे विनोदी सवालजवाब, वग म्हणजे नाट्य, पण आतला माल बदललेला, सत्यशोधकांनी ते सुरू केलं, मग आंबेडकरी जलसे झाले, नाशिककडच्या भीमराव कर्डकांचं पथक गावोगाव फिरलं, मग १९४४ ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत विचार पोचवायचा तर तो चालीत बसवावा लागतो, असं ते म्हणाले. आणि मग बतावणी केली, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर! एक पोरगा खिडकीवर जातो, बाबू म्हणतो पेंडिंग, दाखला आण, दाखला आणला की म्हणतो दाखल्याचा दाखला आण, आणि प्रत्येक वेळी हलगी एक ठोका टाकते. हसून हसून डोळ्यात पाणी आलं, आणि मधेच ते पोरगं गप्प होतं आणि म्हणतं, "साहेब, मेसचं बिल तीन महिन्यांचं झालंय." सगळं मैदान गप्प. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या मुलानं मान खाली घातली, आणि त्याच्या पलीकडच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ते दोघं काल संध्याकाळपर्यंत एकमेकांना ओळखतही नव्हते. आदल्या दिवशीच्या पॉवर वॉकला जे जमलं नाही ते इथे झालं, कुणालाही पुढे-मागे उभं न करता.

जलसा संपल्यावर आम्ही पाचसहाजणी आयोजकांकडे गेलो आणि म्हटलं हे तालुक्यातल्या मुलींना बघायला मिळालं नाही, उद्या तरी काहीतरी करा. आणि त्यांनी केलं, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आयोजकांमधल्या एक ताई व्हरांड्यात बसून एकेका मुलीच्या घरी फोन लावत होत्या. मी शेजारीच होते. "काकू, मी स्वतः त्यांच्याजवळ झोपणार आहे, वर्गखोली आतून बंद असते, सकाळच्या पहिल्या गाडीत मी बसवून देते, हा माझा नंबर लिहून घ्या." एका घरी वडिलांनी फोन ठेवून दिला, ताईंनी परत लावला, मग त्या मुलीच्या आजीशी बोलल्या, गावातल्या कुणाची तरी ओळख निघाली, आणि आजीनं होकार दिला. दोन तासांत सात मुली राहिल्या, त्यात पोलादपूरची ती पण. चादरी आमच्यातल्यांनी वाटून दिल्या.

आणि त्या रात्री काय होतं, तर डीजे. समारोपाची कल्चरल नाइट, भाड्यानं आणलेले मोठे स्पीकर, लाइट, सेल्फी पॉइंट. मी नाचण्याच्या विरोधात अजिबात नाही, मीही नाचले, तीन दिवस डोकं जड झाल्यावर अंग मोकळं करावंसं वाटतंच. पण आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येईना, आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेल्या त्या सात मुली भिंतीला टेकून बसून राहिल्या, कारण पुढे सगळी पुण्यामुंबईची पोरं. जेवणही साडेनऊला आलं, भात गार. या संध्याकाळला मी पाचपैकी दोन देईन, आणि ते दोन पुढच्या दीड तासाचे.

दहाला नियमाप्रमाणे स्पीकर बंद झाले. लोक पांगायला लागले, तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला त्या सातजणींनी फुगडी धरली. कोकणात गौरी-गणपतीला फुगड्या असतात हे ऐकलं होतं, पण किती प्रकार असतात! उभी, बसून, एका हाताची, चौघींची, एक तर पायाचे अंगठे धरून, आणि प्रत्येकीला वेगळी ओळ तोंडात, गाता गाता दमल्या की "फू" करायचं, हलके हलके, शाळेच्या शेजारी वस्ती होती म्हणून. पोलादपूरची ती मुलगी, जी दोन दिवस मागच्या बेंचवर गप्प बसलेली, ती आता आम्हाला ओरडत होती, "अगं मागे झोक दे, हात सोडू नकोस, मी धरलंय ना!" मी तिच्याबरोबर घेतली, चक्कर आली, परत घेतली. मुलांनीही विचारलं आम्ही येऊ का, तर म्हणाली या की. पॉवर वॉकमधला तो मुलगा आला, त्याला बसफुगडी जमेना, तिनं हात धरून दोनदा करून दाखवली, तिसऱ्यांदा जमली. साडेअकरापर्यंत चाललं ते.

जाणाऱ्यांसाठी बाकीचं पटकन. राहायला वर्गखोल्या, सतरंज्या मिळतात, पांघरूण आपलं न्या, डिसेंबरात पहाटे चांगलंच गार होतं. मुलींच्या बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर एकच दिवा होता आणि तो दुसऱ्या रात्री गेला, बॅटरी जवळ ठेवा. जेवण साधं पण चांगलं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं तर मी परत परत वाढून घेतलं. रेल्वेनं येणाऱ्यांना वीर स्टेशन जवळ पडतं, पण पुढची सोय आधीच बघून ठेवा. आणि एक दिवस जास्त काढता आला तर रायगड करा, महाडहून पंचवीसेक किलोमीटर.

शेवटच्या दिवशी जो फीडबॅक फॉर्म दिला त्यात सेशन एक, सेशन दोन असे रकाने होते, संध्याकाळसाठी रकाना नव्हता. मी मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळं थोडक्यात लिहून दिलंय, पॉवर वॉकला चिठ्ठ्या वापरा, जलसा पाच वाजता घ्या, डीजेचे पैसे दोन जादा गाड्यांना द्या म्हणजे तालुक्यातली मुलं रात्री नऊला घरी पोचतील. पुढच्या वर्षी तुम्ही नोंदणी करणार असाल तर फोनवर त्यांना विचारा, शेवटची एसटी किती वाजता आणि शाहिरी किती वाजता.